छताकडची बाजू

माझ्या मारुती आठशेत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा होता, एवढीच गोष्ट. पण अंजनगाव सुर्जीपासून अमरावतीपर्यंत एकाही माणसाच्या ती सरळ डोक्यात शिरली नाही. चौकातला पानवाला विचारायचा, "रूपाली, त्याच्यात पाळतं काय? ससे का पोपट?" आईने विचारलं, त्याला आतून कडी लावता येते का. अमरावतीच्या ज्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मी सर्व्हिसिंगचं काम बघते, तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, एवढे उपद्व्याप करण्यापेक्षा नवी गाडी का घेत नाही?" सुरुवातीला मी प्रत्येकाला समजावत बसायचे. मग वैतागले आणि समजावणंच सोडून दिलं. "रेसच्या नियमात आहे. त्याशिवाय गाडी पास होत नाही," एवढंच सांगायचे. पास होत नाही म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. मान डोलावतात आणि आपल्या कामाला लागतात.

रेस म्हणजे टीव्हीवर दिसते तसली नव्हे. अकोल्याबाहेर एका मोकळ्या पडलेल्या मैदानात झेंडे रोवतात, एकेक गाडी त्या झेंड्यांमधून मातीतून सोडतात आणि घड्याळ लावतात. मागच्या वर्षी मी तिथे गेले होते. शेतातल्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने बांधलेली गाडी, इंजिन मी उतरवलेलं, मीच चढवलेलं, मागची सीट काढून टाकलेली. फाटकावरच्या तपासणीवाल्याने आत एकदा डोकावलं आणि विचारलं, "रोल केज कुठे आहे?" रोल केज म्हणजे हाच पिंजरा. नाही म्हटल्यावर त्याने हातानेच मागे फिरायची खूण केली. मी गाडीतून उतरलेसुद्धा नव्हते.

गावात त्याची कथा झाली. रूपालीची गाडी दोरीला बांधून गेली अन् दोरीला बांधून आली, हे मी लग्नातसुद्धा ऐकलं. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. यंदा मात्र पावसाळ्यातच त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं. आमची झेंडू अन् शेवंतीची शेती. फुलं ठेवायला जागा पुरत नाही आणि शेडचा अर्धा भाग माझ्या गाडीने अडवलेला.

"या साली धावली तं राहू दे," बाबा म्हणाले. "नाही धावली तं दिवाळीच्या आत भंगारवाल्याले बोलावतो. मंग रडाचं नाही."

पंजाबराव, म्हणजे आमचे बाबा, एकदा बोलले की बोलले. मी रडणार नव्हतेच. मला ती गाडी एकदा, फक्त एकदा, त्या झेंड्यांमधून काढायची होती. त्यासाठी पिंजरा हवा होता.

पिंजरा करायला गाडी ओढत नेऊन दिली जानरावकाकांकडे. नांदगाव खंडेश्वरला त्यांचं ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे, आमच्या शोरूमच्या ट्रॉल्या तेच करतात. काकांचं नाव आहे ते फिनिशिंगसाठी. त्यांच्या ट्रॉलीवरून हात फिरवला तर सांधा कुठे आहे ते बोटाला लागत नाही. वेल्डिंग करायचं, घासून सपाट करायचं, उरलेल्या खळग्यात पुट्टी भरायची, वर रंग. ट्रॉलीला ते शोभतं. पिंजऱ्याला घासायचं नसतं, वेल्डिंगचा उंचवटा तसाच ठेवायचा असतो, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पोराला आंघोळ न घालता लग्नाला न्या म्हणून सांगितलं.

पहिला पाइप तापवून वाकवला तो वळणावर पिचकला. मी म्हटलं, चालणार नाही. काका म्हणाले, पुट्टी भरून गोल करून देतो. मी म्हटलं, काका! दुसरा पाइप बाबांनी आणला, विहिरीवरच्या जुन्या मोटारीचा. "हा काय वाईट हाये? वीस वर्षं पाणी वाहिलं यानं." तो परत पाठवल्यावर बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग मी नागपूरहून बिनजोडाचा जाड पाइप मागवला, अमरावतीत एका फर्निचरवाल्याच्या मशीनवर तो थंडाच वाकवून घेतला आणि एसटीच्या टपावर टाकून नांदगावला नेला. कंडक्टर रस्ताभर बडबडत होता. त्याच्या प्रश्नालाही मी तेच उत्तर दिलं, पासिंगसाठी आहे.

मुख्य कमान सीटच्या मागे उभी राहिली. पुढची कमान काचेच्या कडेने बसली. आडवे पाइप लागले, दारातला तिरपा पाइप लागला. ड्युटी संपली की मी बस पकडून नांदगावला जायचे, मापं घ्यायचे, भांडायचे आणि शेवटच्या बसने परत यायचे. काका माझ्यापुढे घासायची मशीन उचलायचे आणि मी ओरडले की परत ठेवायचे. असं करत करत दसरा तोंडावर आला आणि एकच काम उरलं. छताकडची बाजू.

वरचे सांधे छताला अगदी चिकटून असतात. खालून, बाजूने वेल्डिंग होतं, पण पाइपाच्या वरच्या अंगाला, जिथे छत आणि पाइप यांच्यात जेमतेम बोटभर फट उरते, तिथे वेल्डिंगचा सरळ रॉड शिरत नाही. रॉड वाकवून, छोटा आरसा लावून, आरशात बघत बघत ते करावं लागतं. किचकट काम, आख्खा दिवस मोडतो. पण सांधा चोहोबाजूंनी पक्का झाला नाही तर बाकी सगळं केलेलं मातीत. काकांनी मान्य केलं. मी शुक्रवार ठरवला. शनिवारी दसरा, रविवारी अकोल्याची रेस.

शुक्रवारी सकाळी मी वर्कशॉपच्या दारात उभी राहिले आणि जागच्या जागी थांबले.

दाराला तोरण होतं. आत शेणाने सारवलेल्या जागेवर पांढरं कापड अंथरलेलं होतं आणि त्यावर हातोड्या, छिन्न्या, ड्रिल, घासायची मशीन असं सगळं ओळीने मांडलेलं होतं. मधोमध वेल्डिंगचं मशीन. त्याला हळदीकुंकू, वर झेंडूची भरगच्च माळ. झेंडू आमच्याच शेतातला, आदल्या दिवशी मीच पोतं आणून दिलेला. खंडेनवमी होती. दसऱ्याची फुलं विकून ज्या घराचं वर्ष निघतं, त्या घरातली मी, आणि मी नवमी विसरले होते. मला दसरा तेवढा आठवत होता, कारण त्या दिवशी दुकान लावायचं असतं.

"काका, आज वरचं कराचं होतं ना?"

"आज हत्यारं पूजेले बसले बाई," काका म्हणाले. नवा सदरा घालून खुर्चीवर बसले होते. "आज हात लावत नसतात."

"मंग उद्या सकाळी?"

"उद्या संध्याकाळी पूजा उठते. परवापासून तू म्हणशील ते करून देतो."

"परवा रेस हाये काका!"

"मंग तू नवमी काहून विसरली?" त्यांनी खरंच विचारलं, टोमणा नव्हता. त्यामुळे माझा आणखी संताप झाला.

मी म्हटलं, एक मशीन काढा, फक्त एक, पूजा तर झालीच आहे, मी स्वतः माफी मागते देवीची. त्यांनी कानाला हात लावला. पूजेतल्या हत्याराला त्यांच्या वडिलांनी कधी हात लावला नव्हता, त्यांनी कधी लावला नव्हता. मी नांदगावात चार ठिकाणी विचारलं, बडनेऱ्याला फोन केले, अमरावतीला केले. सगळीकडे मशिनी फुलांखाली. एकाने तर फोनवरच सांगितलं की तुमच्याच दुकानाची फुलं आहेत, ताई, लई ताजी निघाली. मी फोन ठेवला आणि त्या माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या.

परत आले तेव्हा माझा चेहरा पाहून काका उठून उभे राहिले.

"पास होनं महत्त्वाचं हाये ना तुले?"

"हो काका. पास झाली पाहिजे. नाही झाली तं बाबा भंगारात देऊन राहिले तिले."

"मंग तू जा, फुलं विक. तुही गाडी पास होऊन जाईल. जानराव शब्द मोडत नाही."

मला काही पटलं नव्हतं. पण अमरावतीच्या बाजारात बाबा एकटे होते आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरात कोणी आजारीसुद्धा पडत नाही. मी गेले. शुक्रवार, शनिवार झेंडू तोलत राहिले. गिऱ्हाईक भाव पाडायचं आणि मी त्याच्यावर खेकसायचे. बाबा म्हणाले, "अवं, गिऱ्हाईक हाये ते, जानराव नाही."

दसऱ्याच्या संध्याकाळी बाबांची रिकामी पिकअप घेऊन आम्ही नांदगावला पोचलो. काकांनी माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली. मी वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, "झालं तुहं. पाह्य."

गाडी अंगणात उभी होती. आतला पिंजरा केशरी रंगाने चमकत होता. मी आत वाकून वरच्या सांध्याच्या मागे बोट घातलं. जिथे परवापर्यंत सांध्याची फट लागत होती, तिथे आता बोट गुळगुळीत फिरत गेलं. चारही ठिकाणी.

"रंग काहून देला काका? म्या नाही म्हटलं होतं."

"दसरा हाये. बिनारंगाची वस्तू जानरावच्या दारातून जात नाही."

माझ्या तोंडावर पुढचा प्रश्न आला होता. हत्यारं तर संध्याकाळपर्यंत पूजेत होती, मग हे झालं कधी? पण मी काकांकडे पाहिलं आणि तो गिळला. मला वाटलं, या माणसाने माझ्यासाठी पूजा लवकर उठवली. बापजाद्यांपासून जे केलं नाही ते केलं, आणि आता बाबांसमोर, बायकोसमोर ते बोलून दाखवणं त्यांना जड जात असेल. अशा वेळी विचारू नये, एवढं मला कळतं. माझे डोळे भरून आले. दोन महिने ज्या माणसाशी भांडले त्याच्याविषयी मला एकदम माया वाटली. तसं मी बोललेही, "काका, तुमचे उपकार मी विसरनार नाही." ते लाजले.

पहाटे पिकअपला दोरी बांधून गाडी ओढत आम्ही अकोल्याला निघालो. काकाही आले. मूर्तिजापूरला चहा घेताना ते टपरीवाल्याला सांगत होते की मागं जी गाडी दिसते ना, तिच्यातलं काम माझं आहे.

मैदान आधीच्या पावसाने चिकट होऊन नुकतं वाळलेलं होतं. काळी माती. चाकांनी त्यात खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि त्या कडक झाल्या होत्या. माझ्याआधी सुटलेली एक गाडी वळणावर चाकोरीत अडकली, दोन चाकांवर उभी झाली, क्षणभर तशीच राहिली आणि परत चार चाकांवर आदळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

तपासणीला यंदा दुसराच माणूस होता, नितेश नावाचा, हातात टॉर्च. त्याने आधी बाबांनी गाडीला घातलेली माळ काढायला लावली. मग आत वाकला. "रंग कशाला दिला?" तो कुरकुरला. "वेल्डिंग दिसायला पाहिजे." त्याने टॉर्च मारला, खालच्या सांध्यांवर बारीक हातोडी वाजवली, वरच्या सांध्याच्या मागून बोट फिरवलं. परत फिरवलं. "काम फार स्वच्छ आहे. कोणी केलं?"

काका दोन पावलं पुढे आले. "जानराव. नांदगाव खंडेश्वर."

नितेशने काचेवर हिरवं स्टिकर चिकटवलं.

मी बाबांना मिठी मारली. बाबांनी मला मिठी वगैरे मारलेली नाही कधी, ते नुसते माझ्या पाठीवर थापट्या मारत राहिले. काकांनी पिशवीतून पेढे काढले. माझा नंबर यायला अजून काही गाड्या होत्या.

"पाह्यलं?" काका म्हणाले. "बोट फिरवून फिरवून पाह्यलं त्यानं. कुठी लागलं काही?"

"काका, आता तं सांगा," मी पेढा खात म्हटलं. "वाकड्या रॉडनं इतकं गुळगुळीत येत नाही. कसं केलं?"

"कुठचा रॉड?" काका हसले. "हत्यारं पूजेत होते ना. रॉडले हात कसा लावीन म्या? पुट्टी भरली. बोटानं. हत्यार लागलंच नाही. बोटानंच दाबली, बोटानंच सारखी केली, वाळली तशी कापडानं घासली, कुंच्यानं रंग देला. दोन दिवस तेच करून राहिलो. पूजाबी नाही मोडली अन् शब्दबी नाही मोडला."

मी खिडकीतून आत वाकून वरचा सांधा पुन्हा चाचपला.

"वर वेल्डिंग नाही?"

"पास झाली ना? आता काय?" माझा आवाज असा का झाला ते त्यांना कळेना. "ट्रॉलीले नाही का, पासिंगच्या दिवशी लाइट लावतात, पट्ट्या लावतात. पास झाली का घरी येऊन काढून ठेवतात. तसंच हे पासिंगचं सामान. तुले पाहिजे तं उद्या रॉड मारून देतो."

मी किती जोरात ओरडले ते मला माहीत नाही. आजूबाजूचे लोक वळले. मी म्हटलं, हे सामान नाही काका, हे माझं डोकं आहे. गाडी उलटली की तिचं सगळं वजन या वरच्या चार सांध्यांवर येतं. पत्र्याचं छत कागदासारखं दबतं. माणूस वाचतो तो या पाइपांमुळे, आणि सांधा सुटला तर हाच पाइप मानेवर येतो. माझ्या. तुम्ही पुट्टी भरली. पुट्टी!

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मंग हे तू आधी काहून नाही सांगतलं?" ते हळू आवाजात म्हणाले. "तू तं येऊन येऊन एकच म्हने, पास, पास, पास."

मी आणखी ओरडले. त्यांच्यावर ओरडले, नवमीवर ओरडले, आमच्या फुलांवर ओरडले. बाबा मध्ये पडले, "अवं पण, त्या साहेबानं पास केली ना?" मी त्यांच्यावरही ओरडले. स्टिकर काचेवर होतं. हिरवं. ते मिळावं म्हणून मी दोन महिने जीव काढला होता. आणि तेव्हाच भोंग्यावरून सांगितलं, पुढचा नंबर तयार राहा. तो माझा होता.

आता जे सांगते ते शहाणपणाचं नाही. सगळ्यांत जास्त मलाच कळत होतं, आणि तरीही मी गाडीत जाऊन बसले. डोक्यात सरळ हिशेब होता. खालचं अर्धं वेल्डिंग पक्कं आहे. दोनच फेऱ्या आहेत. वळणावर हळू घेईन. त्या आधीच्या गाडीनेही शेवटी चार चाकं टेकवलीच ना. उतरले तर गाडी भंगारात जाईल, आणि पुन्हा कोणी मला शेडची जागा देणार नाही, आणि प्रत्येक लग्नात ती दोरीची कथा. मी हेल्मेट चढवलं. पट्टे आवळले. चावी फिरवली. इंजिन लागलं, एका झटक्यात लागलं, आणि मला इतकं बरं वाटलं की रडू आलं.

खिडकीतून एक हात आत आला. काकांचा. त्यांनी चावी मागे फिरवली, उपसून घेतली आणि मूठ बंद केली. इंजिन बंद पडलं.

"काका, चावी द्या."

"नाही देत."

"काका, माह्या गाडीची चावी हाये ती!"

"हाये."

पुढे झेंडेवाला हात हलवत होता. भोंग्यावर माझा नंबर परत पुकारला. मी पट्ट्यांत अडकलेली होते, हात त्यांच्या मुठीपर्यंत पोचत नव्हता. मी त्यांना नको नको ते बोलले. म्हातारे म्हटलं, अडाणी म्हटलं, माझं वाटोळं तुम्ही केलं म्हटलं. बाबा पाठीमागे उभे होते, त्यांनी मला थांबवलं नाही आणि काकांनाही थांबवलं नाही.

काकांनी दुसरा हात आत घातला. वरच्या सांध्यावर अंगठ्याचं नख रोवलं आणि ओढलं. केशरी रंगाचा पापुद्रा निघाला आणि त्यामागून पुट्टीचा पांढरा भुगा माझ्या मांडीवर पडला. त्यांनी तो पाहिला.

"ट्रॉलीत कापूस असते," ते म्हणाले. "यात तू बसून हायेस."

"काका, एकच चक्कर. फक्त एकच."

"ओरड. किती ओरडाचं तेवढं ओरड माह्यावर. पण उतर."

माझा नंबर तिसऱ्यांदा पुकारला, आणि मग भोंग्यावरून पुढच्याचा पुकारला.